जपानी गिटार विकणे आहे

माझ्या सासऱ्यांना गिटार विकायची नव्हती. जाहिरात मात्र ते न चुकता टाकायचे. "जुनी जपानी सेमी-हॉलो इलेक्ट्रिक गिटार विकणे आहे. पहिल्यापासून एकाच मालकाकडे. सगळे भाग मूळचे. वाजवता येत असेल तरच या." यातलं शेवटचं वाक्य म्हणजे गळाला लावलेलं आमिष. वाजवता येत असेल तरच, असं म्हटलं की ज्यांना थोडंफार येतं ते सगळे हटकून येतात. रविवारी सकाळी एकेक जण आमच्या बाहेरच्या खोलीत यायचा आणि सासरे त्याची यथेच्छ सालटी काढायचे. त्यांच्या आठवड्याची करमणूक तेवढीच होती.

गिटार देखणी होती, खोटं कशाला बोलू. कडेला गडद तपकिरी आणि मधे मधासारखी. पोट अर्धं पोकळ, मधोमध लाकडाचा ठोकळा, आणि दोन्ही बाजूंना व्हायोलिनला असतात तशी वळणदार भोकं. सासरे तरुणपणी प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये होते. जपानच्या एका बंदरात जहाज थांबलं तेव्हा त्यांनी ती नवी कोरी घेतली. पुढे बरीच वर्षं मोठ्या हॉटेलच्या बँडमध्ये वाजवली. मग हॉटेलवाल्यांनी अख्खा बँड घरी पाठवून लॅपटॉपवाला एक माणूस आणून बसवला, आणि तेव्हापासून सासऱ्यांचं सगळ्या जगाशी वाकडं झालं.

कार्यक्रम ठरलेला असायचा. आलेल्याला ते बुटक्या स्टुलावर बसवायचे, स्वतः खुर्चीत. मला आतून चहा आणायला सांगायचे. गिटार पुसून, सुरात लावून त्याच्या हातात द्यायचे, अगदी जावयाला ताट वाढावं तशा आदराने. तो माणूस वाजवायला लागायचा. दांडीवर सूर बदलायचे जे आडवे पडदे असतात, त्यांतल्या खालच्या पडद्यांवर छान वाजायचं. मग अंगात यायचं, हात वर सरकायचा, आणि तिथे सगळं बेसूर. माणूस दचकायचा, परत वाजवायचा, परत तेच. सासरे डोळे मिटून बसलेले असायचे, दाढ ठणकत असल्यासारखे.

"थांबा, थांबा. तुम्हाला स्वतःला ऐकू येतंय का हे?"

"हो... म्हणजे जरा... गिटार जरा..."

"गिटारला नावं ठेवू नका. तुमच्या जन्माआधीपासून वाजतेय ती. किती वर्षं शिकताय? अरेरे. आणि तुमच्या मास्तरांनी सांगितलं नाही? कान जन्माला यावा लागतो, दुकानात मिळत नाही. ही गिटार मी तुम्हाला देऊ शकत नाही. वाईट वाटून घेऊ नका, चहा घ्या."

एकदा बेकरीत काम करणारी एक मुलगी आली होती. नखांत मैदा होता, कामावरून तशीच आली होती बिचारी. गिटार हातात घेताना तिने आधी हात जीन्सला पुसले. सासऱ्यांनी तिला तीन-तीनदा तोच तुकडा वाजवायला लावला आणि शेवटी म्हणाले, "पाव चांगले करता का? मग तेच करा." ती जिन्यात बसून रडली. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाली, "काकू, मला खरंच कळलं नाही हो, कुठे चुकतेय ते." मला तरी कुठे कळलं होतं?

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायचं, हे स्पष्ट की ते? खरं सांगते, तेच भिंग दोनदा दाखवून दोनदा विचारलं की चांगला शहाणा माणूससुद्धा स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लागतो. आधी ठामपणे "पहिलं" म्हणणारा तिसऱ्या वेळी माझ्याच तोंडाकडे बघतो. माणसाला पाडायला फार ताकद लागत नाही हे मी तिथे शिकले. सासरे हेच कुठे शिकले कोण जाणे, पण माझ्यापेक्षा तरबेज होते.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला कधी गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं. अंघोळीत नाही, स्वयंपाकघरात नाही, पोरीला झोपवताना तर नाहीच. वाढदिवसाला सगळे गायला लागले की हा नुसते ओठ हलवायचा. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, लाजतोय. पण लाजेचं तसं नव्हतं. "मला कान नाही," तो सांगायचा, आपल्याला बूट आठ नंबरचे लागतात हे सांगावं इतक्या सहज. हाच माणूस परक्या इमारतीत शिरला की लिफ्ट वर जाताना मान तिरकी करून ऐकायचा आणि म्हणायचा, "वरचं बेअरिंग जाणार आहे हिचं." आणि ते जायचं. पण लिफ्टचा आवाज तो आवाजात धरत नव्हता.

आणि आमची लेक, भिंगरी. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. ती दिवसभर गायची. बुटांचं गाणं, बादलीचं गाणं, उकडलेलं अंडं नको असल्याचं गाणं. सगळी तिची तिनेच जुळवलेली. गिटार सोडली तर मुकं घर होतं आमचं, ते हिने बोलतं केलं होतं. मला बाकी कशाची फार हाव नाही, पण एक गोष्ट मनात पक्की होती. या पोरीचं गाणं या घरात बंद पडता कामा नये.

एका रविवारी गिऱ्हाईक आलंच नाही. सासरे गिटार मांडीवर घेऊन ताटकळत बसले होते. हात शिवशिवत होते त्यांचे. भिंगरी बादली घेऊन गात गात तिथून चालली होती.

"ए गवई, इकडे ये," ते म्हणाले. "मी वाजवतो तो सूर लावायचा. बघू."

ती खूष. आजोबा एरवी जवळ बोलवायचे कुठे? त्यांनी आधी मोकळी तार छेडली. तिने लावला सूर. मग त्यांनी वरच्या पडद्यावर बोट ठेवलं. तिने आ केलं. "अंहं." पुन्हा आ. "अंहं. नीट ऐक." आणखी वरचा पडदा. पोरगी मान वर करकरून सूर शोधत होती, कोंबडीच्या पिल्लासारखी. शेवटी त्यांनी गिटार बाजूला ठेवली.

"बापावर गेलीय. कान नाही पोरीला."

ते एवढंच बोलले आणि पेपर उघडून बसले. भिंगरीने मला विचारलं, "आई, माझे कान कुठे गेले?" मी तिचे दोन्ही कान धरून दाखवले, हसवायला बघितलं. हसली नाही. त्या दिवशी बादली मुकाट्याने भरली गेली. दुसऱ्या दिवशीही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सासऱ्यांशी भांडून उपयोग नसतो. ते भांडतच नाहीत, कीव करतात.

मग मी लक्ष ठेवायला लागले. पुढच्या रविवारी गिऱ्हाईक यायच्या आधी चहाचा कप ठेवायला गेले, तर सासरे पाठमोरे बसून गिटारशी काहीतरी करत होते. तारा पोटावर जिथे टेकतात तिथे लाकडाची एक पट्टी असते, तिला ते घोडी म्हणत. बाकीच्या बऱ्याच गिटारींची घोडी स्क्रूने पक्की केलेली असते. या जपानी गिटारीची नुसती तारांच्या दाबाखाली उभी होती. सासऱ्यांनी दोन्ही अंगठे लावून ती हळूच मागे ढकलली, मग खुंट्या पिळून तारा पुन्हा सुरात लावल्या. घोडीच्या पुढे कागदी टेपच्या दोन बारीक पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. आधी घोडी त्यांना टेकून उभी होती. आता मधे फट होती. चार-पाच मिलिमीटर असेल. चष्म्याच्या दुकानातल्या बाईला एवढं नुसत्या नजरेने कळतं.

गिऱ्हाईक रडकुंडीला येऊन गेलं, आणि सासऱ्यांनी शीळ घालत घोडी परत पट्ट्यांना टेकवली.

आमच्या दुकानाच्या शेजारी वाद्यांचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिथल्या दुकानदाराला विचारलं, घोडी जरा मागे सरकवली तर काय होतं? तो हसायला लागला. "मोकळ्या तारा सुरात राहतात हो वहिनी, पण जसजसं वर जाल तसतसं बेसूर. आणि वाजवणाऱ्याला वाटतं, आपलंच चुकतंय. का, कोणावर सूड उगवायचाय?"

मला हसू आलं नाही. जिन्यात बसलेली ती बेकरीतली मुलगी डोळ्यांपुढे आली. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

त्या संध्याकाळी नवरा हात धूत होता. लिफ्टचं वंगण निघायला वेळ लागतो. मी विचारलं, "तुला कान नाही हे पहिल्यांदा कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

"कधी?"

त्याने साबण खाली ठेवला. शाळेत असताना, म्हणाला. घरी एक स्वस्तातली गिटार होती, तिच्यावर तो एक सुरावट बसवत होता. महिनेच्या महिने. त्याच्या आईला यायची ती ऐकू आतल्या खोलीत, ती म्हणायची छान झालीय. मग एकदा हॉटेलच्या बँडची माणसं घरी जेवायला आली. बाबा म्हणाले, "आज माझ्या गिटारवर वाजवून दाखव सगळ्यांना." त्या गिटारला हात लावायची तोवर परवानगी नव्हती. "मला इतका आनंद झाला होता," तो म्हणाला. "वरच्या पडद्यांवर गेलो आणि सगळं वाकडंतिकडं. मी थांबलो, परत सुरुवात केली. परत तेच. ड्रमवाले काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाबा म्हणाले, लिफ्टमध्ये लावतात तसलं संगीत आहे हे. म्हणून मग मी..." आणि तो थांबला. हा लिफ्टकडे कसा वळला हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

मी त्याला घोडीचं सांगितलं. टेपच्या पट्ट्या, फट, वाद्याच्या दुकानातला तो माणूस काय म्हणाला ते, सगळं. मला वाटलं, हा आता रडेल, नाहीतर ताडकन उठून बापाची गचांडी धरेल. धरली असती तर मी मधे पडले नसते.

त्याने ओल्या हातांनीच नळ बंद केला. मग विचारलं, "किती सरकवतात?"

"चार-पाच मिलिमीटर."

"आणि परत आणताना पट्ट्या बघून आणतात? की वाजवून बघतात?"

"पट्ट्या बघून."

"बरं," तो म्हणाला आणि हात पुसले. त्या "बरं"ची मला पहिल्यांदा भीती वाटली. पण खरं सांगायचं तर गुदगुल्यासुद्धा झाल्या.

सासऱ्यांची चूक ही होती. दर रविवारी घोडी हलवायची आणि परत आणायची, तर दर वेळी कानाने जागा शोधायचा कंटाळा येतो. म्हणून कधीकाळी, कान तिखट असताना, त्यांनी एकदाच नेमकी जागा शोधून तिथे पट्ट्या चिकटवल्या. त्यानंतर त्यांनी कानाला तसदी दिलीच नाही. सरळ माणसाला असल्या पट्ट्या लागत नाहीत, त्याची घोडी जागची हलतच नाही. सूर तपासायचं छोटं यंत्र मिळतं, चिमट्यासारखं, ते घरात असतं तर निभावलं असतं. पण त्या यंत्राला सासरे कान नसलेल्यांची कुबडी म्हणायचे.

त्याच आठवड्यात एकदा मी दुकानातून आले तर नवरा बाहेरच्या खोलीत होता. सासरे फिरायला गेले होते. मी फक्त माझी मोजपट्टी घेऊन पट्ट्यांपाशी धरली. दोन्ही केसभर मागे सरकल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर घोडीही. फार नाही. दुसऱ्या आठवड्यात आणखी केसभर. चिकटपट्टी जुनी होती, म्हणून त्याने नव्या पट्ट्या कापून चहाच्या पाण्यात बुडवून पिवळ्या केल्या होत्या. माझा नवरा कामाचा पक्का आहे.

सासरे रोज सकाळी थोडं वाजवायचे. पहिल्या आठवड्यात ते मधेच थांबून खुंट्या पिळायला लागले. दुसऱ्या आठवड्यात तारा बदलल्या. मग डोळे बारीक करून घोडी पाहिली. घोडी पट्ट्यांना बरोबर टेकलेली. मग ते पुन्हा वाजवायचे आणि वरच्या पडद्यावर गेले की चेहरा असा व्हायचा, दाढ ठणकल्यासारखा. या वेळी नाटक नव्हतं.

नवरा एवढ्यावर थांबला नाही. सासरे पेपर वाचत असले की तो जाऊन समोर उभा राहायचा. "बाबा, चार हाका मारल्या मी." मारलेली एकही नसायची. "बाबा, फोन वाजतोय ना तुमचा." फोन गप्प असायचा. जेवताना तो मुद्दाम पुटपुटल्यासारखं बोलायचा आणि त्यांनी "काय?" विचारलं की माझ्याकडे बघून हळहळल्यासारखा सुस्कारा सोडायचा. मी मान खाली घालून वाढायची. मला मजा येत होती. येत होती तर येत होती, त्यात लपवायचं काय? भिंगरी अजून गात नव्हती.

रविवारची गिऱ्हाइकं बंद झाली. जाहिरात होती, पण फोन आला की सासरे सांगायचे, तब्येत बरी नाही. रेडिओ लावून कान देऊन बसायचे. रेडिओवर सगळं ठीक वाजायचं, तर म्हणायचे, दुसऱ्याचं ऐकून काय कळतं, आपल्या बोटाखालचं ऐकू आलं पाहिजे. कानाच्या डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की अंगावर यायचे. हळूहळू अंगावर येणंही सोडलं. मान खाली घालून ऐकून घ्यायला लागले. इतका ताठ माणूस, पण खुर्चीत बुडल्यासारखा दिसायला लागला.

मग एकदा जेवणं झाल्यावर त्यांनी नवऱ्याला हाक मारली. गिटार मांडीवर होती.

"जरा बस. मी वाजवतो, तू ऐक. वर गेलं की काहीतरी... तुला कसं वाटतं बघ."

त्यांनी वाजवलं. इतकं बेसूर होतं की माझ्यासारखीलाही कळलं. नवरा हनुवटीला हात लावून ऐकत होता, लिफ्ट ऐकतो तसा. त्यांचं संपलं.

"मला काय कळणार, बाबा?" तो अगदी प्रेमाने म्हणाला. "मला कान नाही ना."

सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी मला चहाखेरीज कशाबद्दल विचारलं नव्हतं. "सूनबाई, तू सांग. खरं सांग."

आता सांगून टाकावं, असं एक क्षण वाटलं मला. त्यांचे डोळे भरले होते. मग भिंगरीची मुकी बादली आठवली.

"मला तर छान वाटतंय, बाबा," मी म्हणाले. "नेहमीसारखंच."

याहून वाईट उत्तर नव्हतं आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला होकार दिला. तो एक सलूनवाला होता. हसतमुख, गुबगुबीत, हाताला सुवास येणारा. गिटार वाजवायला येत नाही, त्याने आल्या आल्याच सांगून टाकलं. नव्या दुकानात दोन आरशांच्या मधे भिंतीवर लावायची होती. "जुना माल भिंतीवर उठून दिसतो, काका." पूर्वीच्या सासऱ्यांनी त्याला जिन्यापर्यंत पोचूसुद्धा दिलं नसतं. आता म्हणाले, "घेऊन जा." सौदा चटकन झाला. त्यांनी पेटी उघडली, गिटार आत ठेवली, वरून फडकं फिरवलं. घासाघीस करायची ताकदही त्यांच्यात उरली नव्हती.

सलूनवाला पेटी उचलणार एवढ्यात नवरा पुढे झाला. "एक मिनिट हं."

त्याने गिटार बाहेर काढली. आपल्या बापाच्या समोर, त्या बुटक्या स्टुलावर बसला. एक मोकळी तार छेडली. मग तिच्याच वरच्या पडद्यावर बोट ठेवून छेडली. मान तिरकी केली. दोन्ही अंगठे घोडीला लावून ती जराशी पुढे ढकलली. पुन्हा मोकळी तार, पुन्हा वरचा पडदा. आणखी एक सूतभर. खुंटी पिळली. पट्ट्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. एकेक तार करत तो सहाही तारांवरून गेला, कोणतंही यंत्र न घेता, आणि शेवटी वरच्या पडद्यांवर बोटं पसरून एकदाच सगळ्या तारा वाजवल्या.

खोली भरून गेली त्या आवाजाने. सलूनवालासुद्धा म्हणाला, "वा!"

मी सासऱ्यांकडे बघत होते. त्यांनी आधी ऐकलं. मग त्यांचा चेहरा उजळला, लहान मुलाचा उजळतो तसा. आपला कान शाबूत आहे, हे त्यांना कळलं. आणि मग बाकीचं कळलं. घोडी, पट्ट्या, अंगठे, न मारलेल्या हाका, माझं "छान वाटतंय". एकामागोमाग एक सगळं त्यांच्या तोंडावर उमटत गेलं. बोलायचं तर काय बोलणार? पोराने घोडी सरकवली म्हणायचं, तर ती सरकवता येते हे तुम्हाला कसं माहीत, असं कोणीही विचारलं असतं.

"आता ठीक आहे," नवऱ्याने गिटार सलूनवाल्याच्या हातात दिली. "भिंतीवर लावताना उन्हात लावू नका."

"थांबा," सासरे उठले. "नाही विकायची मला. द्या ती इकडे."

"काका, आता असं कसं? ठरलं ना आपलं?" सलूनवाला हसतच होता, पण पेटी त्याने दुसऱ्या हातात घेतली.

"अहो, भिंतीवर लावणार तुम्ही ती! वाजवायची वस्तू आहे ती!" ते त्याच्या बाहीला धरायला गेले. मी आजवर त्यांना कोणाच्या बाहीला हात लावताना पाहिलं नव्हतं.

"बाबा," नवरा म्हणाला, "तुम्हाला ऐकू आलं नाही का? विकली ती."

सलूनवाला गेला. जिन्यावरून पेटी कठड्याला ठोकत गेल्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक ठोक्याला सासरे डोळे मिटत होते. मला आनंद झाला. तो आनंद कोता होता, पण होता.

आणि नवरा तर पार बदलला. त्याला कान परत मिळाला होता, आणि तो नव्या खेळण्यासारखा घरभर घेऊन फिरत होता. फ्रिज कोणत्या सुरात घुमतो ते सांगायचा. दारावरची घंटा थोडी उतरलीय म्हणायचा. अंघोळीत गायला लागला आणि चांगलं गायचा! मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहून ऐकायची. सासरे खुर्चीत मूग गिळून बसलेले असायचे. आम्ही जिंकलो होतो.

बापाचं ऐकून ऐकून भिंगरीचं तोंड उघडलं. त्या दिवशी नवरा जमिनीवर बसून बुटाची नाडी ओवत होता, मी भाजी निवडत होते, आणि न्हाणीघरातून बादलीचं गाणं ऐकू आलं. आधी दबकत, मग मोकळ्या गळ्याने. मी हातातली जुडी खाली ठेवली. ती गातगातच बाहेर आली, बादली दोन्ही हातांनी धरून, पाणी सांडत.

"थांब," नवरा म्हणाला.

ती थांबली.

"शेवटचा सूर उतरला तुझा. परत म्हण."

तो रागावला नव्हता. हसत होता, नाडी हातात होती. तिने परत म्हटलं.

"अंहं. अजून वर. नीट ऐक, भिंगरी."

"पुरे रे," मी म्हणाले. "पोर आहे ती."

"अगं, चुकतंय तर सांगायला नको का? खरंच चुकतंय. परत."

तिने मान वर केली आणि सूर शोधायला लागली. खुर्चीत सासरे हलले. गिटार गेल्यापासून ते कोणाशी बोलले नव्हते. त्यांनी पेपर खाली केला आणि पोराकडे पाहिलं, पहिल्यांदाच बरोबरीच्या माणसाकडे पाहावं तसं.

"बरोबर सांगतोय तो," ते म्हणाले. "बारीकसा उतरतोय."

"ऐकलंस?" नवऱ्याने मान डोलावली, आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. "आई, चुकतंय का गं?"

मला फरक कळलाच नव्हता. मी "नाही" म्हणाले, मोठ्याने म्हणाले, दोनदा म्हणाले. पण ती आता माझ्याकडे बघतच नव्हती. तिने बादली जमिनीवर ठेवली आणि बापाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.